लष्करच्या भाकऱ्या आणि एमबीए : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी बोलता बोलता एवढंच लिहून गेले होते की मी एमबीए केलं आणि कंपनीत न जाता एनजीओत गेले. एवढ्याशा वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्यांचा प्रश्न "का?" आणि निम्म्यांचा "कसं?". "का"वाल्यांना नंतर कधीतरी. "कसं"वाल्यांपैकी काही प्रश्न इथे घेतेय, जरा छाटून, आणि नावं-गावं मुद्दाम काढून, कारण काहींनी आपल्या बॉसबद्दल जे लिहिलंय ते बॉसच्या वाचनात आलं तर पंचाईत होईल.

प्रश्न : ताई, मी तीन वर्षं एका कंपनीत सेल्समध्ये आहे. पगार बरा आहे, पण दर महिन्याला टार्गेट गाठून झालं की वाटतं हे नक्की कोणासाठी चाललंय. एमबीए करून सोशल सेक्टरमध्ये जायचं म्हणतेय. घरचे म्हणतात एवढा खर्च करून घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, आणि एनजीओत काम करणारी मैत्रीण म्हणते तुम्ही एमबीएवाले येऊन नुसत्या पीपीटी बनवता. दोघांना काय उत्तर देऊ?

उत्तर : मैत्रीण खोटं बोलत नाहीये, हे आधी कबूल करून टाक. पीपीटी आम्ही बनवतो आणि बऱ्याचदा गरज नसताना बनवतो.

आता माझंच सांगते. डिग्री हातात, डोकं हवेत, आणि पहिली नोकरी एका मध्यम आकाराच्या संस्थेत, शाळा सुटल्यावर मुलांचे वाचनवर्ग घेणारी. रुजू होऊन चार दिवस होत नाहीत तोवर कळलं की वर्ग घेणाऱ्या ताईंचे दोन महिन्यांचे पगार थकलेत. मी बँकेचं स्टेटमेंट बघितलं तर त्यात आठ महिन्यांचे पगार निघतील एवढे पैसे पडून. मला वाटलं सापडली चूक, चला, एमबीए कामी आलं. अकाउंट्स बघणाऱ्या काकांकडे गेले आणि म्हटलं, पैसे तर आहेत की. त्यांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक शीट होती, प्रत्येक रकमेपुढे ती कशासाठी आलीय ते लिहिलेलं, ही टॅब्लेट घ्यायला, ही पुस्तकं छापायला, ही एका प्रोजेक्टची जो अजून सुरूच व्हायचाय, आणि सगळ्यात खाली एक बारीक ओळ, "कशालाही वापरता येतील असे", तिथला आकडा बघून मला घामच फुटला. काका म्हणाले, "मॅडम, हे पैसे आपले नाहीत, आपल्याकडे ठेवायला दिलेत."

बांधील निधी म्हणतात त्याला. माझ्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये हा शब्द एकदाही आला नव्हता.

पण त्यानंतर जे केलं ते मात्र कोर्समधलंच होतं. बारा महिन्यांचे बारा कॉलम पाडले, प्रत्येक ग्रँटचा हप्ता कागदावर कधी येणार लिहिलंय ते सोडून मागच्या वर्षी प्रत्यक्ष कधी आला ती तारीख धरली, आणि मग एका मुलाला वर्षभर शिकवायला खरा खर्च किती येतो ते काढायला बसले. प्रस्तावात जो आकडा जायचा त्यात ताईंचा पगार आणि पुस्तकं होती. खोलीचं भाडं, ताईंचं जाणंयेणं, काकांचा स्वतःचा पगार यातलं काहीच नव्हतं, जणू हिशेब आपोआप लिहिला जातो. खरा आकडा निघाला तो प्रस्तावातल्या आकड्याच्या जवळपास दीडपट. म्हणजे संस्था जितकी मुलं वाढवत होती तितकी दर मुलामागे आणखी खड्ड्यात जात होती, आणि सगळे खूश होते की काम वाढतंय. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ते असं. पुढच्या प्रस्तावात पूर्ण खर्च लिहिला. एका डोनरने सरळ नाही म्हटलं, दुसऱ्याने तीन आठवडे प्रश्न विचारले आणि मग हो म्हटलं. ताईंचे पगार पूर्ण सुरळीत व्हायला पाच महिने लागले. माझी तळमळ होतीच गं, पण ताईंची माझ्यापेक्षा जास्त होती, फक्त तो आकडा कोणी काढला नव्हता.

आता डिग्रीत शिकवतात त्यातलं इथे सरळ लागू न होणारं एक. दुकानात जो पैसे देतो तोच वस्तू वापरतो, वस्तू वाईट निघाली तर तो परत येत नाही आणि दुकानदाराला दुसऱ्या दिवशी कळतं. आपल्या क्षेत्रात पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसराच. मूल वर्गात कंटाळलं तर त्याला डोनरची ग्रँट थांबवता येत नाही. डोनरला फोटो आवडला तर पैसे येत राहतात, मूल वाचायला शिको न शिको. ही फट ज्याच्या लक्षात राहते तो कामाचा माणूस, आणि ज्याच्या लक्षात राहत नाही तो कितीही मोठ्या कॉलेजातून आलेला असला तरी गडबड करतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे प्लेपंप. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना, मुलांनी गोल फिरणारं चक्र खेळायचं आणि त्या फिरण्यावर जमिनीतलं पाणी वरच्या टाकीत चढायचं, टाकीच्या चार बाजूंना जाहिराती लावायच्या आणि त्या पैशातून देखभाल. ऐकायला काय सुंदर! २००६ साली अमेरिकेत मोठा गाजावाजा होऊन १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४००० पंप आणि १ कोटी लोकांना पाणी असं ठरलं. म्हणजे एका पंपामागे २५०० माणसं, भागाकार कोणालाही येतो. पुढे २००९ मध्ये गार्डियन वृत्तपत्राने पुढचाही हिशेब मांडला, एवढ्या लोकांना गरजेपुरतं पाणी द्यायचं तर मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल. दिवस २४ तासांचा! मुलं खेळून दमली की बायांना ते जड चक्र हाताने ढकलत बसावं लागायचं, साधा हातपंप त्यापेक्षा सोपा होता. जाहिरातीही बऱ्याच ठिकाणी आल्याच नाहीत, जिथे विकत घेणारे थोडे तिथे जाहिरात कोण लावणार. पैसे देणाऱ्यांना व्हिडिओ आवडला होता आणि पाणी भरणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तर मैत्रिणीला म्हण, मी पीपीटी बनवायला येत नाहीये, भागाकार करायला येतेय. घरच्यांना म्हण की हे पगारी काम आहे, कंपनीपेक्षा कमी पगाराचं पण पगारीच, लष्कर आता भाकऱ्यांचे पैसे देतं. आणि एक, तुझी सेल्सची तीन वर्षं टाकाऊ समजू नकोस. संस्थांना पैसे उभे करणारी माणसं मिळत नाहीत, कारण चांगल्या माणसांनाही पैसे मागायची लाज वाटते. सेल्सवाल्यांची ती लाज कधीच गेलेली असते.

प्रश्न : एमबीए करू, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स डिग्री) करू की पब्लिक पॉलिसी? तिन्हीकडे "सोशल इम्पॅक्ट" लिहिलेलं असतं.

उत्तर : ब्रोशर मिट आणि स्वतःला विचार, सोमवारी सकाळी अकरा वाजता तुला काय करताना बघायचंय. एखाद्या घरात बसून एका बाईशी तिच्या नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचंय तर एमएसडब्ल्यू, त्या कामाला शिकलेलं मन लागतं आणि ते एमबीएत मिळत नाही. सरकारी योजनेचा नियम असा का आहे आणि तो बदलला तर लाखो लोकांवर काय होईल यात रस असेल तर पॉलिसी. आणि माणसं, पैसे, माल, वेळ यांचा मेळ बसवून एखादी गोष्ट रोज चालू ठेवायचीय, न कोसळता, तर मॅनेजमेंट.

तशी ही भिंत पहिल्यापासून इतकी पक्की नव्हतीच. येल विद्यापीठाने १९७६ मध्ये मॅनेजमेंट स्कूल सुरू केलं तेव्हा डिग्रीचं नावच सार्वजनिक आणि खासगी व्यवस्थापन असं होतं, एमबीए हे नाव त्यांनी १९९९ मध्ये घेतलं. आपल्याकडे व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला इरमा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली ती याच विचाराने, की शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही शिकलेले मॅनेजर लागतात आणि शहरी कंपन्यांसाठी घडवलेले तिथे टिकत नाहीत. हार्वर्डचं सोशल एंटरप्राइजचं, म्हणजे समाजासाठी चालवलेल्या उद्योगांचं, काम १९९३ चं, त्याच विषयाचं ऑक्सफर्डचं स्कोल सेंटर २००३ चं. तेव्हा "एमबीएत हे नवीन फॅड आलंय" असं कोणी म्हणालं तर फॅडचं वय सांग.

कॉलेज निवडताना एकच काम कर, तिथून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आणि खरोखर या क्षेत्रात असलेल्या दोघांना गाठून बोल. वेबसाइटवरचा हसरा फोटो असणारे नकोत, तू स्वतः शोधलेले. दोघंही सापडले नाहीत तर तेच उत्तर समज.

प्रश्न : ॲडमिशनच्या निबंधात लिहिलंय, "मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करायची इच्छा होती आणि एमबीएमुळे मला मोठ्या स्तरावर बदल घडवता येईल." एका सिनियरने वाचून नुसतं "हम्म" म्हटलं. काय चुकलं?

उत्तर : चुकलं काहीच नाही, त्यात आहेच काय चुकायला! निबंध वाचणाऱ्याच्या टेबलावर असा गठ्ठा असतो आणि त्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून इच्छा असते.

तू पत्रात पुढे जाता जाता लिहिलंयस की तू दोन वर्षं शनिवारी एका रक्तपेढीच्या शिबिरांना मदत करतोस आणि शिबिराला गर्दी होते पण त्याच लोकांपैकी दुसऱ्यांदा फार थोडे येतात. अरे, हेच तर लिहायचं होतं! हे पहिल्या ओळीत घे. किती जण आले आणि किती परतले हे तुझ्याकडे वहीत असेल, नसेल तर ती वही शोध, मग दुसऱ्यांदा का आले नाहीत याबद्दल तू कोणाला विचारलंस का, काय करून बघितलंस, आठवणीचा मेसेज पाठवला का, फोन केला का, काय चाललं आणि काय फसलं. आणि शेवटी, कुठे अडलास. "मला कळत नव्हतं की फोन करायला एक माणूस पगारी ठेवला तर परवडेल का, आणि ते कसं काढायचं" असं एक वाक्य जरी प्रामाणिकपणे लिहिलंस तरी एमबीए का हवं ते त्यात आलं. "मोठ्या स्तरावर" हा शब्द खोडून टाक, "बदल घडवणे" पण.

ॲक्युमेन या, गरिबांच्या उपयोगी पडणाऱ्या उद्योगांत पैसे घालणाऱ्या फंडाच्या संस्थापक जॅकलिन नोव्होग्राट्झ यांचा क्रम बघ, आधी बँकेत नोकरी, मग रवांडात बायकांसाठी छोट्या कर्जांची संस्था उभी करायला मदत, त्यानंतर स्टॅनफर्डचं एमबीए आणि २००१ मध्ये ॲक्युमेन. म्हणजे प्रश्न हातात घेऊन त्या वर्गात गेल्या. डिग्री घेतल्यावर प्रश्न शोधू म्हणणारेही असतात, त्यांना मग प्लेसमेंटवाले प्रश्न शोधून देतात, साधारणपणे साबणाचा खप कसा वाढवायचा हा.

प्रश्न : एज्युकेशन लोन काढून एमबीए केलं तर एनजीओच्या पगारात हप्ता कसा भरणार? आधी पाच-सात वर्षं कॉर्पोरेटमध्ये कमवून मग यावं का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि याचं गोड उत्तर माझ्याकडे नाहीये.

कर्ज काढायच्या आधी दोन आकडे शेजारी शेजारी लिही. एक, महिन्याचा हप्ता. दुसरा, ज्या कामावर तुझा डोळा आहे त्यातल्या नव्या माणसाचा हातात पडणारा पगार, सरासरी पॅकेज नव्हे, ब्रोशरमधला तर नव्हेच, फोन करून विचारलेला. हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर माझं मत, त्या कॉलेजला एवढं कर्ज काढून जाऊ नये. हा माझा ठोकताळा आहे, बँकेचा नियम नाही. स्कॉलरशिप, नोकरी करत पार्ट-टाइम कोर्स किंवा कमी फीचं कॉलेज यातलं काहीही चालेल. या क्षेत्रात कॉलेजच्या नावाचा दरारा कंपन्यांइतका नसतो, फंड आणि कन्सल्टन्सी सोडून, तिथे असतो.

परदेशात जायचं असेल तर येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशा काही ठिकाणी पदवीनंतर ना-नफा किंवा सरकारी कामात गेलेल्यांना लोनच्या हप्त्यात मदत करणाऱ्या योजना आहेत, अटी असतात, उत्पन्नाची मर्यादा असते, पण अर्ज करायच्या आधी त्या पानावर जाऊन नीट वाच, ॲडमिशन मिळाल्यावर नको.

आता "आधी कमवतो मग येतो". येतात काही जण, पुढच्या एका उत्तरात अशा माणसाची गोष्ट आहेच. पण माझ्या बॅचमधले जे अकरा जण असं म्हणाले होते त्यातले दोन आले. बाकीचे वाईट निघाले असं नाही रे, पगाराबरोबर खर्चही मोठा होत गेला आणि मग तेवढ्या पगाराशिवाय घर चालेना. जायचंच असेल तर तारीख घालून जा आणि त्या काळात राहणीमान मुद्दाम खाली ठेव, लोक हसतील, हसू देत. आणि कंपनीत असं काम पकड जे पुढे कामी येईल. सप्लाय चेन शिकलेल्या माणसाला औषधं पोचवणारी संस्था उचलून नेईल, ब्रँड मॅनेजरला जरा वेळ लागेल.

प्रश्न : "इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग" म्हणजे नक्की काय? दान की गुंतवणूक?

उत्तर : गुंतवणूक. पैसे परत यायला हवेत, थोडे वाढून आले तर उत्तम, आणि सोबत ठरवलेला सामाजिक फायदा मोजून दाखवायला हवा. हा शब्द २००७ मध्ये इटलीत बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीतून रूढ झाला, काम त्याआधीही चालायचंच. या फंडांत एमबीएवाल्यांना मागणी असते पण जागा मोजक्या असतात आणि तिथे बसून तू बहुतेक वेळ एक्सेलच बघशील, फील्ड महिन्यातून एखाद्या वेळी. ज्यांना हे चालतं त्यांनीच जावं. ज्यांना लोकांत राहायचंय त्यांना तिथे दोन वर्षांत घुसमटायला होतं, मी बघितलंय.

प्रश्न : मी वीस वर्षं चळवळीत काम करतोय. स्पष्टच विचारतो, नफ्याची भाषा शिकलेली माणसं आमच्या क्षेत्रात आल्यापासून लोक "लाभार्थी" झाले आणि हक्क "प्रोजेक्ट" झाले. गरिबांकडून व्याज घेऊन त्यांचं भलं करणारे तुमचेच ना?

उत्तर : आमचेच. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, नाहीतर हा कॉलम फारच गुळगुळीत झाला असता.

मायक्रोफायनान्सचीच, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचीच गोष्ट घ्या. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलरचं कर्ज स्वतःच्या खिशातून दिलं, १९८३ मध्ये त्यातूनच त्यांची 'ग्रामीण बँक' झाली, २००६ मध्ये त्यांना आणि बँकेला मिळून शांततेचं नोबेल. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मेक्सिकोतल्या कॉम्पार्तामोस या बँकेने शेअर बाजारात भाग विकले. सुरुवात एनजीओ म्हणून झालेली, आणि कर्जदार बायकांकडून घेतलं जाणारं वर्षाचं व्याज कर धरून १०० टक्क्यांच्या आसपास. गुंतवणूकदारांचं उखळ पांढरं झालं. युनूस स्वतः याच्यावर उघडपणे तुटून पडले. मग २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जवसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या, आणि शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला. म्हणजे हत्यार तेच, कोणाच्या हातात आणि कोणाला उत्तर द्यायला बांधलेलं, यावर सगळं फिरलं. शेअरहोल्डरला उत्तर द्यायचं ठरलं की कर्जदार बाई आकड्यात जाऊन बसते. पैसे देणारा आणि वापरणारा यांच्यातली जी फट मी वर म्हटली तीच ही.

पण नफ्याची भाषा आली की दर वेळी असंच होतं हे मला मान्य नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर त्यांनी ते सुरू केलं. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, ज्यांना परवडत नाही त्यांचं मोफत किंवा अगदी कमी पैशात, आणि डॉक्टर दोन्हीकडे तेच. डॉ. वेंकटस्वामींना चक्क मॅकडोनाल्ड्सच्या कामाच्या पद्धतीचं कौतुक होतं! तिथलं ऑपरेशन थिएटर असं, की दोन टेबलं शेजारी, एका डोळ्याचं ऑपरेशन संपतंय तोवर शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार, सर्जन फक्त वळतो, मायक्रोस्कोप फिरवून घेतो आणि पुढचं सुरू. सर्जनचा वेळ हा सगळ्यात महाग, म्हणून त्याला एक मिनिटही हात बांधून उभं ठेवायचं नाही, बाकी सगळी तयारी शिकवून घेतलेल्या मुलींनी करायची. हे शुद्ध कारखान्याचं गणित आहे साहेब. पुढे डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून आणणं परवडेना म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स स्वतःच बनवायला घेतल्या आणि किंमत कितीतरी पटींनी खाली आली. आता या गणिताने कोणाचे हक्क प्रोजेक्ट झाले?

तरी तुमचा एक मुद्दा मी खोडून काढणार नाही. जमीन, जात, मजुरी, बाईला होणारी मारहाण यातलं बरंच काही दर माणशी खर्चात बसत नाही, आणि जे बसत नाही ते एमबीएवाला हळूच यादीतून गाळतो, मुद्दाम नाही, त्याला त्याचा कॉलम सापडत नाही म्हणून. मी गाळलंय. तुमच्यासारखं कोणीतरी त्या खोलीत बसलेलं असलं तर गाळताना निदान हात अडखळतो.

प्रश्न : वय ४३, एका कारखान्यात फायनान्स मॅनेजर. आता एमबीए करून या क्षेत्रात यायला फार उशीर झालाय का?

उत्तर : उशीर नाही, पण एमबीए कशाला? जे शिकायला तरुण पोरं लाखोंचं कर्ज काढतात ते तुम्ही वीस वर्षं पगार घेऊन करताय.

फझले हसन आबेद यांची गोष्ट सांगायची राहिली होती ती इथे सांगते. लंडनला शिकलेले कॉस्ट अकाउंटंट, शेल कंपनीत फायनान्समध्ये मोठ्या हुद्द्यावर. १९७० चं चक्रीवादळ आणि १९७१ चं युद्ध बघितलं आणि १९७२ मध्ये बांगलादेशात ब्रॅक ही संस्था सुरू केली, ती पुढे जगातल्या सगळ्यात मोठ्या एनजीओंपैकी एक झाली. वय तेव्हा छत्तिशीच्या आसपास. पण मला त्यांचं आवडतं ते वेगळंच. १९८० च्या दशकात ब्रॅकने घरोघरी बायका पाठवून आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, आणि ठरलेलं पाणी, एक कोटीहून जास्त घरांत. शिकवणाऱ्या बाईला पगार कशावर? किती घरं केली यावर दिला असता तर तिने धावत धावत घरं उरकली असती. म्हणून नंतर दुसरी माणसं त्यातल्या काही घरी जाऊन आईला विचारायची की काय आठवतंय, आणि आईला जितकं आठवतं तितके शिकवणारीला पैसे. वापरणाऱ्याच्या डोक्यात काय उरलं त्याला थेट पगार बांधला! हे सुचायला कॉस्ट अकाउंटंटच लागतो.

तेव्हा साहेब, दोन वर्षं वर्गात बसू नका. आवडणाऱ्या दोन-तीन संस्था निवडा आणि त्यांचे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागून घ्या. चांगली संस्था देईल, टाळाटाळ करणारी तिथेच गाळा. मग भेटायला जा आणि त्यांना एवढंच विचारा, उद्या एकही नवा पैसा आला नाही तर कशालाही वापरता येतील अशा पैशात पगार किती महिने निघतील. बऱ्याच ठिकाणी या प्रश्नावर शांतता पसरेल आणि कोणीतरी चहा मागवेल. मग म्हणा, शनिवारी येऊन तेवढं काढून देतो. नोकरीचं बोलणं चौथ्या शनिवारनंतर करा, त्याआधी नको. आणि पगार किती कमी होईल ते घरी त्याच्याही आधी सांगून ठेवा.